खडखडाट गिअरबॉक्सचा, खोट कार्ब्युरेटरची

हलक्या विमानांतले रोटॅक्स ९१२ इंजिन स्लोवर, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे असतानाच्या वेगावर, जरा जास्तच खाली आले की पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज येतो. आवाज गिअरबॉक्समधून येतो, म्हणून संशयही त्याच्यावरच जातो. गिअरबॉक्स उतरवला जातो, उघडला जातो आणि पुष्कळदा आत काहीच सापडत नाही. परत बसवल्यावर खडखडाट जिथल्या तिथे. कारण भांडण गिअरच्या दातांचे नसतेच. ते इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंमधले असते. दात फक्त मार खातात.

'घरी बांधलेले विमान' म्हटले की आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. अमेरिकेत मात्र हा हजारो लोकांचा छंद आहे आणि त्याला कायद्यात वेगळा वर्ग आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केले असेल तर विमान त्या वर्गात बसते. बांधणाऱ्याला त्याच विमानापुरते प्रमाणपत्र मिळते आणि वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीवर तो स्वतः सही करू शकतो. झेनिथ सीएच ७०१, किटफॉक्स, आरव्ही-१२ ही अशा विमानांमधली ओळखीची नावे, आणि त्यांच्या नाकात बहुतेक वेळा रोटॅक्स ९१२ असते. भारतातल्या मायक्रोलाइट विमानांतही हेच इंजिन दिसते.

इंजिन ऑस्ट्रियातल्या कारखान्यातून तयार होऊन येते, त्यात घरच्या माणसाने हात घालायचा नसतो. पण थ्रॉटलच्या केबल कुठून न्यायच्या, ऑइलचे पाइप किती लांब ठेवायचे, पेट्रोलची परतीची नळी कशी काढायची, हे सगळे बांधणारा ठरवतो. दुखणी बहुतेक तिथूनच सुरू होतात.

एका शाफ्टवर दोन अर्धी इंजिने

९१२ चा यूएलएस हा प्रकार म्हणजे १०० अश्वशक्तीचे, १,३५२ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन. दोन सिलिंडर डावीकडे आडवे, दोन उजवीकडे. पूर्ण ताकद ५,८०० आरपीएमवर, तीही एका वेळी पाचच मिनिटे. सलग चालवायची कमाल मर्यादा ५,५००. एवढ्या वेगाने पंखा (प्रॉपेलर) फिरवला तर त्याची टोके ध्वनीच्या वेगाजवळ जातील, म्हणून मध्ये गिअरबॉक्स आहे. त्याचे प्रमाण २.४३. म्हणजे इंजिनाचे ५,८०० फेरे झाले की पंख्याचे साधारण २,३९० होतात.

मोटारीच्या इंजिनाला जड फ्लायव्हील असते, ते दोन धक्क्यांमधली पोकळी भरून काढते. इथे वजन वाचवण्यासाठी क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, हलका ठेवलेला, आणि फ्लायव्हीलचे काम करणारा जड पंखा गिअरबॉक्सच्या पलीकडे. वेग कमी असला की प्रत्येक स्फोटाला क्रँक पुढे झेपावतो, मग मंदावतो. पंखा मात्र आपल्याच लयीत फिरत राहतो. त्यामुळे गिअरचे दात एकदा पुढच्या बाजूने आणि एकदा मागच्या बाजूने आपटतात. म्हणून स्लो १,४०० च्या खाली कधीच नको. व्यवहारात गरम इंजिनावर १,७०० ते १,८०० ठेवलेले बरे.

आता कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणारा भाग. बिंग कंपनीचे दोन असतात. उजवा १ आणि ३ नंबरच्या सिलिंडरला पाजतो, डावा २ आणि ४ ला. एकाची फुलपाखरू झडप दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त उघडली की एक बाजू जोरात ढकलते आणि दुसरी मागे राहते. धक्के एकसारखे न येता एक मोठा, एक छोटा असे येऊ लागतात. खडखडाट वाढतो. शिवाय कार्ब्युरेटर रबरी सॉकेटवर लटकलेले असल्यामुळे तेही थरथरतात. पेट्रोलच्या वाटीत फेस येतो, वाटीतले तरंगते फ्लोट आणि जेटची सुई झिजते आणि मिश्रण आणखी बिघडते. बेसूर कार्ब्युरेटर असा स्वतःलाच आणखी बेसूर करत जातो.

(९१२ आयएस या नव्या प्रकारात इंधन इंजेक्शनने जाते, त्याला इथले जुळवणीचे प्रकरण लागू नाही.)

आधी हाताने जुळवणी

व्हॅक्यूम गेज, म्हणजे दोन्ही बाजूंची हवेची ओढ मोजणारी मीटर, लावायची घाई बहुतेकांना असते. पण झडपा मुळातच जागेवर नसतील तर गेजवर काटे जुळवून फक्त चूक झाकली जाते.

दोन्ही केबल कार्ब्युरेटरच्या लिव्हरवरून सोडवा. स्लोचा स्क्रू इतका मागे घ्या की झडप पूर्ण बंद होईल. मग स्क्रूचे टोक आणि लिव्हर यांच्यामध्ये ०.१ मिलिमीटरची फिलर पट्टी ठेवा आणि पट्टी अडेपर्यंत स्क्रू आत फिरवा. पट्टी काढा आणि तिथून दीड फेरा आत. दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच. स्लोच्या मिश्रणाचा स्क्रू वेगळा असतो, तो हलक्या हाताने तळाला टेकवून दीड फेरा बाहेर काढायचा. 'हलक्या हाताने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जोर लावला तर सुईचे टोक चेपते आणि त्यानंतर ते मिश्रण कधीच नीट बसत नाही.

केबल परत जोडताना या इंजिनाची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. मोटरसायकलची केबल तुटली की स्प्रिंग झडप बंद करते आणि गाडी थांबते. इथे स्प्रिंग झडप उघडते. केबल तुटली तर इंजिन पूर्ण रेसवर जाते, कारण हवेत ताकद संपण्यापेक्षा जास्त असलेली परवडते. म्हणजे बहुतेक बसवणीत केबल झडप ओढून बंद ठेवण्याचे काम करते. एका बाजूची केबल एक मिलिमीटर सैल झाली तरी ती बाजू स्लोवरही थोडी उघडी राहते.

कॉकपिटमधला थ्रॉटल पूर्ण मागे ओढल्यावर दोन्ही लिव्हर आपापल्या स्क्रूला टेकले पाहिजेत. थ्रॉटल पुढे नेताना दोन्ही एकाच क्षणी सुटले पाहिजेत, आणि पूर्ण पुढे नेल्यावर दोन्ही शेवटपर्यंत उघडले पाहिजेत. यासाठी मदतनीसाला थ्रॉटलवर बसवा आणि दोन लिव्हरांवर दोन बोटे ठेवा. बोटांना अर्ध्या मिलिमीटरचा फरकही कळतो. चोकच्या लिव्हरलाही हीच तपासणी करा. एका बाजूचा चोक पूर्ण मागे येत नसेल तर ती बाजू कायम जास्त पेट्रोल पिते आणि तिचे प्लग काळे पडतात. चोकवरून आणखी एक: तो थ्रॉटल पूर्ण बंद असतानाच काम करतो. सकाळी चोक ओढून वर थ्रॉटलही उघडला की इंजिन सुरू होत नाही, आणि मग लोक बॅटरीला दोष देतात.

मग गेज

एक गोष्ट आधी करा. गेजच्या दोन्ही नळ्या टी-जोडाने एकाच ठिकाणी लावा. काटे एकसारखे दाखवत नसतील तर तो फरक लिहून ठेवा, नाहीतर गेजची चूक इंजिनात भरली जाईल.

दोन्ही बाजूंच्या इनटेक नळ्यांना जोडणारी एक आडवी नळी असते. तिच्यातून हवा इकडून तिकडे जाते आणि स्लोवरचा फरक थोडा मिटवते. ती चालू ठेवून मोजले तर सगळे छान दिसते. म्हणून तिचा रबरी जोड काढून एका टोकाला एक गेज, दुसऱ्या टोकाला दुसरा, अशी जोडणी करायची, म्हणजे मधली वाट बंद राहते.

विमानाची शेपटी बांधा, चाकांना अडण लावा, खालची जमीन झाडून घ्या. खड्यांनी पंखा फुटतो. ब्रेकवर माणूस बसलेला हवा आणि पंख्याच्या रेषेत कुणीही नको. इंजिन सुरू करून साधारण २,००० आरपीएमवर दोन मिनिटे, मग २,५०० वर ऑइल ५० अंशांवर येईपर्यंत गरम करा.

२,५०० वर गेज पाहा. ज्या बाजूचा व्हॅक्यूम जास्त, ती झडप जास्त बंद आहे. इंजिन बंद करा, त्या बाजूच्या केबलचा ॲडजस्टर अर्धा फेरा फिरवा, लॉकनट आवळा, पुन्हा सुरू करा. चालू इंजिनावर पंख्यामागे हात घालून ॲडजस्टर फिरवणारे लोक असतात. त्यांच्या घाईचे कौतुक करू नये.

मधल्या वेगावर काटे जुळले की ३,५०० पर्यंत हळूहळू न्या आणि आणा. काटे जोडीने हलले पाहिजेत. त्यानंतर स्लो. तिथे लिव्हर स्क्रूवर टेकलेले असतात, म्हणून तिथला फरक स्लोच्या स्क्रूने काढायचा, केबलने नाही. स्लोचा स्क्रू हलवला की मधला वेग पुन्हा एकदा तपासायचा. दोन-तीन वेळा असे मागे-पुढे करावे लागते.

काही केल्या काटे जुळत नसतील तर जुळवणी थांबवा आणि कारण शोधा. सॉकेटच्या रबराला चीर असली की तिथून जादा हवा शिरते. क्लँप फार आवळला तरी रबर धातूपासून सुटते. मधल्या वेगाच्या वर एकच बाजू मरगळत असेल तर कार्ब्युरेटरच्या टोपीखालचा पातळ पडदा पाहा. या कार्ब्युरेटरमध्ये पिस्टन त्या पडद्यावरच्या दाबाच्या फरकाने उचलला जातो. पडद्याला टाचणीएवढे भोक असले तरी पिस्टन अर्ध्यावर राहतो.

नवीन केबल पहिल्या २५ तासांत ताणून बसतात, तेव्हा एकदा. त्यानंतर दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा. विमान पावसाळाभर उभे राहिले असेल तर तास न मोजता करा.

फ्लोट तोलायचे असतात

वाटीतले दोन फ्लोट पेट्रोलवर तरंगतात आणि पातळी ठरवतात. काही फ्लोट कालांतराने पेट्रोल शोषतात, जड होतात आणि खोल बसतात. मग पातळी वाढते आणि वाटीच्या हवेच्या नळीतून पेट्रोल ठिबकते. खाली तापलेला एग्झॉस्ट असतो. म्हणून तर कार्ब्युरेटरखाली ठिबक-ताटली बसवलेली असते. तिची निचरा नळी तुंबलेली नाही ना, हे पाहा.

दोन्ही फ्लोट पुसून ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर एकत्र ठेवा. जोडी ७ ग्रॅमपेक्षा जड असेल तर बदला. सोनाराकडचा काटा या कामाला उत्तम.

ऑइल: न ठिबकणारी गळती

या इंजिनाला विमानाचे नेहमीचे ऑइल चालत नाही आणि मोटारीचे कुठलेही चालत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, शिवाय गिअरबॉक्समध्ये जादा भार सोडून देणारा घर्षण-क्लच असतो. घर्षण कमी करणारी भेसळ असलेले ऑइल घातले की तो क्लच घसरू लागतो. मोटरसायकलसाठी, म्हणजे इंजिन, गिअर आणि ओला क्लच एकत्र असलेल्या गाड्यांसाठी बनवलेल्या जातीचे ऑइल लागते. साधारण ३ लिटर. बदल दर १०० तासांनी, पहिला २५ ला. शिसे असलेले विमानाचे पेट्रोल वारंवार वापरत असाल तर ५० तासांनी, कारण शिशाचा करडा गाळ ऑइलच्या टाकीत आणि गिअरबॉक्समध्ये बसतो.

फिल्टर काढल्यावर तो कापून कागद उलगडून पाहायचा. ऑइलमधले लोखंडी कण पकडणाऱ्या मॅग्नेटिक प्लगवर धुळीसारखी काळी पेस्ट सामान्य आहे; बोटाला टोचेल असा तुकडा सामान्य नाही. नव्या फिल्टरच्या रबरी कडेला ऑइल लावा, टेकेपर्यंत हाताने आणि पुढे पाऊण फेरा.

ऑइलची पातळी पाहणे हे वेगळेच प्रकरण आहे. ऑइल वेगळ्या टाकीत असते. पंप ते ओढून इंजिनात देतो, आणि खाली जमलेले ऑइल इंजिनातल्याच वायूच्या दाबाने टाकीत परत ढकलले जाते. इंजिन थांबले की बरेच ऑइल खालीच राहते, म्हणून नुसती डिपस्टिक काढून बघितली तर पातळी कमी दिसते. लोक भर घालतात आणि पुढच्या उड्डाणात ऑइल हवेच्या नळीतून बाहेर पडते. बरोबर पद्धत: इग्निशनचे दोन्ही स्विच बंद, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, अडण लावलेले, आणि टाकीचे झाकण उघडे. पंखा फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरवत राहा. पंखा पुढे असलेल्या विमानासमोर उभे राहिल्यास ही दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. टाकीतून ढेकर दिल्यासारखा गुडगुड आवाज आला की झाले. आता डिपस्टिक बघा. दोन खुणांमध्ये ०.४५ लिटरचे अंतर आहे.

पंखा उलट फिरवू नका. उलट फिरवल्याने ऑइलच्या वाटेत हवा शिरते आणि हायड्रॉलिक टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरून काढणाऱ्या भागात, जाऊन बसते. टॅपेट हायड्रॉलिक असल्यामुळेच या इंजिनात व्हॉल्व्हची फट मोजायची नसते. हवा गेली की मात्र ते टकटकतात. स्विच बंद असले तरी पंखा नेहमी जिवंत समजा. इग्निशन बंद होते ती एक तार अर्थला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, जोडून. ती तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडू शकते.

टाकी ते कूलर ते पंप हा सगळा भाग ओढीचा आहे. तिथे क्लँप सैल असेल तर ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फरशीवर थेंबही दिसत नाही, पण प्रेशरचा काटा हलत राहतो. ३,५०० च्या वर प्रेशर २ ते ५ बार हवे, खाली निदान ०.८. काटा थरथरत असेल तर सेन्सर बदलण्याआधी ओढीच्या बाजूचे क्लँप बघा. घरी बांधलेल्या विमानांत हे विशेष, कारण कूलर कुठे बसवायचा हे बांधणाऱ्याने ठरवलेले असते आणि पाइप कधी कधी फार लांब होतात.

आणि ऑइल दिवसातून एकदा तरी १०० अंशांच्या आसपास पोचू द्या. फक्त जमिनीवर दहा मिनिटे चालवून विमान आत ढकलले तर इंजिनात साचलेले पाणी उडत नाही, तिथेच राहते. दर रविवारी 'जरा फिरवून ठेवतो' म्हणणारे इंजिनाचे भले करत नसतात.

पेट्रोल

९१२ यूएलएसला ९५ ऑक्टेनचे साधे पेट्रोल चालते, पण इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच. आपल्याकडच्या पंपांवर आता २० टक्क्यांचे मिश्रण आहे, तेव्हा महाराष्ट्रात उडणाऱ्याला हा आकडा दुर्लक्षून चालणार नाही. तपासणी सोपी आहे. खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घ्या, हलवा, ठेवा. इथेनॉल पाण्याकडे जाते. खालचा थर १० चाच राहिला तर इथेनॉल नाही. तो २८ च्या आसपास गेला तर सुमारे १८ मिलिलिटर इथेनॉल निघाले, म्हणजे २० टक्के.

विदर्भातल्या मे महिन्यासारख्या उन्हात दुसरी अडचण येते. इंजिन बंद केल्यावर काउलिंगखालची (इंजिनावरच्या आवरणाखालची) उष्णता वर चढते आणि नळीतले पेट्रोल उकळते. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू केलेले इंजिन टेकऑफला गुदमरते. यासाठीच टाकीकडे जाणारी परतीची नळी असते. ती वाफ घेऊन जाते. वजन वाचवायला म्हणून ती वगळणारे महाभाग आहेत.

प्लग आणि इग्निशन

आठ प्लग, दोन स्वतंत्र सर्किट. यूएलएसला गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. आट्यांना उष्णता वाहून नेणारी सिलिकॉन पेस्ट लावायची, टोकाला नाही. प्लग थंड इंजिनावरच काढा-घाला.

उड्डाणाआधी ४,००० वर एकेक सर्किट बंद करून पाहतात. वेग ३०० पेक्षा जास्त पडू नये आणि दोन्हींतला फरक ११५ च्या आत हवा. एक बंद करूनही वेग अजिबात पडला नाही तर खूश होऊ नका. ते सर्किट बंदच झालेले नाही, तीच तुटलेली तार. चार प्लग एका बाजूचे काळे आणि चार दुसऱ्या बाजूचे भुरे निघाले तर इग्निशन नव्हे, पुन्हा कार्ब्युरेटर.

गिअरबॉक्सवर खरेच संशय आला तर

कार्ब्युरेटर जुळलेले, स्लो १,८०० आणि तरी खडखड असेल तर क्रँक पिनने अडकवा आणि पंख्याला स्प्रिंग-काटा लावून ओढा. आतल्या तबकडी-स्प्रिंगांचा घर्षण-टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) २५ ते ६० न्यूटन-मीटर असायला हवा. हबपासून अर्ध्या मीटरवर ओढलात तर काट्यावर साधारण ५ ते १२ किलो. पाचाच्या खाली पंखा सहज सरकला तर गिअरबॉक्स उघडायची वेळ आली आहे, आणि तेही त्याची हत्यारे असलेल्या माणसाकडून.

रबर मात्र तासांवर चालत नाही. सॉकेट, पडदे, पेट्रोलच्या आणि पाण्याच्या नळ्या, पेट्रोल पंप: सगळे पाच वर्षांनी बदलायचे. वर्षाला ४० तास उडणाऱ्या विमानाचे पाच वर्षांत फक्त २०० तास होतात आणि मालकाला इंजिन नवेच वाटत असते.